नदीकाठच्या गिरणीत मालगाडीची वाघीण कोणत्या रेल्वेची?

साचेवाल्याचा_मुलगा (चरई, ठाणे)

मंडळी, गेले दोन महिने एका प्रश्नावर अडून बसलोय. इथे रेल्वेतले, नकाशांतले आणि गिरण्यांतले जाणकार आहेत, म्हणून धागा काढतोय. थोडं लांबण लागेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे खात्यात (साचा म्हणजे माग) होते. १९४८ साली बदलीवर लागले, पुढे कायम झाले आणि निवृत्त होईपर्यंत साच्यावरच उभे राहिले. दुपारपाळी असली की मी डबा घेऊन फाटकापर्यंत जायचो. आत कधी गेलो नाही, सोडायचेच नाहीत. आतला आवाज मात्र फाटकाबाहेर यायचा. वडील घरी मोठ्याने बोलायचे, कारण त्यांना कमी ऐकू यायचं.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुलीकडे मॅसॅच्युसेट्सला गेलो होतो. तिच्या घरापासून जवळ लोवेल नावाचं गाव आहे. मेरिमॅक नदीच्या काठाने लाल विटांच्या पाच-पाच, सहा-सहा मजली सूतगिरण्या ओळीने उभ्या आहेत. त्यातली बूट कॉटन मिल्स, १८३५ ची, आता संग्रहालय आहे. (कर्क बूट या तिथल्या पहिल्या व्यवस्थापकाच्या नावावरून बूट.) तळमजल्यावर ड्रेपर कंपनीचे जुने माग अजून चालू ठेवलेत. दाराशी कानात घालायला बोळे देतात. मी ते खिशात ठेवले. आत पाऊल टाकलं आणि पायाखालची लाकडी जमीन थरथरायला लागली. धोटा डोळ्यांना दिसत नव्हता, नुसता त्याचा फटका ऐकू येत होता. पाऊण तास तिथे उभा होतो. मुलगी दोनदा येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

परत आल्यावर त्या गिरणीचं मॉडेल करायला घेतलं. एचओ मापात, म्हणजे १ ला ८७. आतल्या खोलीत आठ फुटी फळी टाकली आहे. इमारत माउंट बोर्डची, घड्याळाचा मनोरा झाला, पुढचा कालवा झाला, रूळही टाकले. आता रुळावर इंजिन आणि वाघिणी उभ्या करायच्या आहेत आणि त्यांच्यावर नाव लिहायचं आहे. तिथेच गाडी अडली.

लोवेलच्या संदर्भात मला पाच रेल्वे कंपन्यांची नावं सापडली: बॉस्टन अँड लोवेल, नॅशुआ अँड लोवेल, बॉस्टन अँड मेन, ओल्ड कॉलनी आणि न्यू हेवन. यातली कोणती या गिरणीत येत होती? अंदाजाने लिहायचं नाहीये. वडिलांच्या आठवणीसाठी केलेल्या वस्तूवर खोटं नाव नको.

---

सुरंगी (नेरुळ)

काका, पहिला परिच्छेद वाचून थांबले थोडा वेळ. माझे आजोबाही बदली कामगार होते. उत्तर माहीत नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

सांधा_सिग्नल (कळवा)

पहिला प्रश्न: वर्ष कोणतं?

हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या दारातलं उदाहरण घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं, ३४ किलोमीटर. ती गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, आपल्या बोलण्यातली जी.आय.पी. कंपनी १८४९ ची, इंग्लंडातल्या भागधारकांची. १ जुलै १९२५ ला तिचा कारभार सरकारने हातात घेतला, नाव तेच राहिलं. ५ नोव्हेंबर १९५१ ला जी.आय.पी., निजाम स्टेट, शिंदे सरकारांची आणि धोलपूरची अशा रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे झाली. ठाणे स्टेशनातून जाणारा मार्ग तोच, खाडीही तीच. पण १९४५ सालच्या वाघिणीवर जी.आय.पी. आणि १९५५ सालच्या वाघिणीवर मध्य रेल्वे. कोणी मला विचारलं, 'ठाण्याला कोणती रेल्वे जात होती?' तर मी आधी हेच विचारीन, कोणत्या साली?

तुमची पाच नावं पाच वेगवेगळ्या रुळांची असतील असं धरून चालू नका. त्यातली दोन-तीन एकाच रुळाची वेगवेगळ्या काळातली नावं निघतील.

---

साचेवाल्याचा_मुलगा

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पाच नावं म्हणजे पाच स्पर्धक समजून एकेकाला बाद करत बसलो होतो. साल मी ठरवलेलंच नाही. इमारत आज जशी दिसते तशी केली आहे.

---

खाडीपार (वाशी)

मी हौसेखातर अमेरिकन रेल्वेचा इतिहास वाचतो, थोडी भर घालतो.

बॉस्टन अँड लोवेल ही या गावाची मूळ रेल्वे. सनद १८३० ची, गाडी सुरू २४ जून १८३५. म्हणजे आपल्या ठाण्याच्या गाडीआधी अठरा वर्षं. अंतरही आपल्यापेक्षा फार नाही, साधारण ४२ किलोमीटर. ही रेल्वे काढली कोणी? गिरणीमालकांनीच. लोवेलच्या गिरण्यांत ज्यांचा पैसा होता त्या बॉस्टनच्या मंडळींनी, पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन त्यांच्यात पुढे. प्रवाशांची सोय हा नंतरचा विचार. कापूस आत आणि कापड बाहेर, यासाठी ती बांधली.

त्याआधी माल यायचा मिडलसेक्स कालव्यातून. १८०३ सालचा कालवा, बॉस्टनजवळून मेरिमॅक नदीपर्यंत, २७ मैल. बोटी घोडे ओढायचे. अडचण एकच, हिवाळ्यात पाणी गोठायचं आणि काही महिने सगळं ठप्प. गिरणी बारा महिने चालते, कालवा नाही चालत.

यातली एक गोष्ट मला फार लागते. रेल्वेसाठी इंग्लंडातून रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यातून एक इंजिन मागवलं. ते सुटं करून लोवेलला आणलं, ते याच कालव्यातून. लोवेलच्या यंत्रशाळेत ते जोडलं, त्याचा एकेक भाग बघून तिथल्या तिथे तसली इंजिनं बनवायला सुरुवात केली. जॉर्ज वॉशिंग्टन व्हिस्लर हा इंजिनिअर त्या कामावर होता. चित्रकार व्हिस्लर त्याचा मुलगा, जन्म लोवेलचाच. आणि ज्या कालव्याने ते इंजिन पाठीवर वाहून आणलं, तो पुढच्या वीस वर्षांत बंद पडला.

तर साचेवाले काका, मॉडेल १८४० सालचं असेल तर डोळे मिटून बॉस्टन अँड लोवेल लिहा.

---

साचेवाल्याचा_मुलगा

१८४० चं नाही. माझ्या मॉडेलमध्ये धुराडं आहे, विजेचे खांब आहेत. ते त्या काळात बसणार नाहीत.

---

खाडीपार

मग पुढे चला. राहून गेलं ते सांगतो, कारण तुम्ही रूळ हाताने टाकता आहात. बॉस्टन अँड लोवेलने सुरुवातीला रुळांखाली आडवे लाकडी स्लीपर वापरलेच नाहीत. दगडी भिंतींवर ग्रॅनाइटचे ठोकळे बसवून त्यावर रूळ ठोकले. समज असा की जितकं भक्कम तितकं चांगलं. झालं उलटं. रूळ इतके ताठ झाले की गाडी प्रत्येक सांध्यावर आपटायची, इंजिनं खिळखिळी व्हायला लागली. दुसरी लाईन टाकताना लाकडी स्लीपर घेतले आणि मग जुने दगडही काढले. लाकूड दबतं आणि परत वर येतं, तेच हवं असतं.

---

सांधा_सिग्नल

अगदी खरं. रूळ जिवंत पाहिजे असं आमच्या गँगचे मुकादम म्हणायचे. खडी, स्लीपर, रूळ मिळून थोडं श्वास घेतल्यासारखं हललं पाहिजे.

---

गिरणगावकर (आता घोडबंदर रोड)

विषय थोडा वेगळा, पण राहवत नाही. लोवेलच्या गिरण्यांत सुरुवातीला कामाला होत्या त्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. कंपनीने बांधलेल्या घरांत राहायच्या, रात्री दहाच्या आत घरी यायची सक्ती, सकाळी घंटा, रात्री घंटा. १८३४ आणि १८३६ साली मजुरीकपात आणि राहण्याच्या खर्चावरून त्यांनी काम बंद ठेवलं. नंतर दहा तासांच्या दिवसासाठी अर्ज केले. आपल्याकडे पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभी करायला घेतली, म्हणजे रेल्वेच्या दुसऱ्या वर्षी, त्याच्या वीस वर्षं आधीचं हे. गिरणी कुठलीही असो, भोंगा किंवा घंटा, चाळ किंवा बोर्डिंग हाऊस, आणि मग एक दिवस संप.

आणखी एक धागा दोन्ही गावांना जोडतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेतला कापूस अडकला. लोवेलच्या गिरण्या थंडावल्या, हजारो कामगार घरी बसले. त्याच चार वर्षांत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, कारण मँचेस्टरला दुसरीकडून माल मिळेना. वऱ्हाड-खानदेशातल्या गाठी मुंबईच्या बंदरात येऊन पडू लागल्या. युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि शहरातल्या कित्येक बँका बुडाल्या. तिकडे साचे बंद आणि इकडे गोदामं भरलेली, आणि कापूस पिकवणाऱ्याला आणि विणणाऱ्याला यातलं काहीच कळलेलं नाही.

---

नकाशेवाली (ऐरोली)

मी नकाशांच्या कामात आहे, म्हणून वेगळ्या बाजूने येते.

काका, अमेरिकेत जुन्या कारखान्याचा रूळ शोधायचा असेल तर पुस्तकांच्या आधी सॅनबॉर्न नकाशे बघायचे. सॅनबॉर्न ही नकाशे काढणारी कंपनी, १८६७ ची. आगीचा विमा देणाऱ्यांना प्रत्येक इमारत कशाची आहे, आत काय भरलंय, पाणी कुठे आहे हे कळावं म्हणून त्यांनी गावंच्या गावं मोजून काढली. १ इंचाला ५० फूट, म्हणजे १ ला ६००. विटेची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. गिरणी असेल तर आत पिंजण कुठे, विणकाम कुठल्या मजल्यावर, बॉयलर कुठे, कापसाचं गोदाम किती मजली, सगळं लिहिलेलं असतं. कारखान्याच्या आवारातले रूळ असतात आणि बहुतेक वेळा रुळाच्या कडेने कंपनीचं नावही. विमावाल्याला ते लागायचं, कारण इंजिनाच्या ठिणगीने गोदाम पेटायचं. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने यातले भरपूर नकाशे नेटवर फुकट ठेवलेत.

एकच सूचना. सॅनबॉर्नवाले दर वेळी नवा नकाशा छापत नसत. झालेले बदल कागदाच्या तुकड्यांवर छापून ग्राहकांना पाठवायचे आणि जुन्या पानावर चिकटवायचे. म्हणून पानावरचं मूळ वर्ष बघून थांबू नका, दुरुस्तीचं वर्षही बघा. मी एका गोदामाच्या कामात यात फसले होते. वीस वर्षांनी टाकलेला रूळ मी जुना धरला होता, आणि चिकटवलेल्या तुकड्याची कड स्कॅनमध्ये नीट दिसत असूनही ती माझ्या नजरेतून सुटली होती.

---

साचेवाल्याचा_मुलगा

नकाशेवाली ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री अडीच वाजेपर्यंत बसलो होतो. गुलाबी रंगात ती लांबच लांब गिरणी, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला ईस्टर्न कालवा. मी ज्या जागेवर उभा होतो ती जागा कागदावर बोटाने दाखवता येते.

हिशेबही केला. नकाशावरचा १ इंच म्हणजे ५० फूट, आणि ५० फूट एचओ मापात साडेसतरा सेंटीमीटर. सगळं आवार माझ्या आठ फुटी फळीवर मावणारच नाही. मधल्या दोन इमारती गाळाव्या लागतील, पण कालवा आणि रूळ यांची जागा आता बरोबर लागली. मी रूळ नदीच्या बाजूला टाकला होता, तो उखडला.

---

सुरंगी (नेरुळ)

माझा भाचा तिथल्याच विद्यापीठात शिकतोय. त्याला विचारलं. तो म्हणाला, बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोवेलला लोकल येते, ती आता तिथल्या परिवहन मंडळाची. आणि गावात डटन स्ट्रीटवर एक काळं वाफेचं इंजिन उभं करून ठेवलंय, त्यावर बॉस्टन अँड मेन लिहिलंय, नंबर ४१०. याचा उपयोग होईल का?

---

सांधा_सिग्नल

होईल का म्हणजे! ताई, तुमच्या भाच्याने निम्मं काम केलं.

४१० हे सहा चाकांचं शंटिंग इंजिन, १९११ सालचं. पुढे मागे छोटी चाकं नाहीत, सगळं वजन सहा मोठ्या चाकांवर. असं इंजिन लांब पल्ल्याला जोडत नाहीत. ते यार्डात आणि कारखान्यांच्या साइडिंगवर, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेल्या बाजूच्या रुळांवर, वाघिणी ढकलायला असतं, कारण तिथे वळणं तीव्र आणि वेग बेताचा. गिरणीच्या दारातलं इंजिन असंच असणार. साचेवाले, तुमच्या मॉडेलला इंजिन मिळालं.

---

खाडीपार (वाशी)

आता नावांचा गुंता सोडवतो. सांधा_सिग्नल म्हणाले तसंच झालंय.

बॉस्टन अँड लोवेल १८३५ ची, दक्षिणेकडे बॉस्टनला. नॅशुआ अँड लोवेल १८३८ ची, उत्तरेकडे न्यू हॅम्पशायरमध्ये. एकमेकींना लागून असलेल्या या दोन कंपन्यांनी १८५७ पासून एकत्र कारभार केला. लॉरेन्स आणि सेलमकडे जाणाऱ्या आणखी दोन छोट्या रेल्वे होत्या, त्याही बॉस्टन अँड लोवेलच्या पंखाखाली आल्या. मग १८८७ साली खुद्द बॉस्टन अँड लोवेल बॉस्टन अँड मेनने भाडेपट्ट्यावर घेतली. म्हणजे तुमच्या पाचातली तीन नावं एकाच ओळीत बसली. १८८७ पर्यंत बॉस्टन अँड लोवेल, त्यानंतर बॉस्टन अँड मेन.

उरलेली दोनही तशीच एका माळेतली. फ्रेमिंगहॅमकडून लोवेलला एक वेगळी लाईन १८७१ मध्ये आली. ती १८७९ ला ओल्ड कॉलनीकडे गेली आणि ओल्ड कॉलनी १८९३ ला न्यू हेवनकडे. तिचं आकर्षण एवढंच की बॉस्टनच्या गर्दीत न शिरता दक्षिणेकडे, न्यू यॉर्कच्या दिशेला माल काढता यायचा.

म्हणजे खरी कुटुंबं दोनच. आणि गावाच्या मधल्या भागात, कालव्यांच्या कडेने गिरण्यांपर्यंत जाणारे मालाचे रूळ बॉस्टन अँड मेनचे.

---

साचेवाल्याचा_मुलगा

खाडीपार, तुम्ही हे लिहिलंत आणि मला एकदम आठवलं. त्या राष्ट्रीय उद्यानात (लोवेलच्या गिरण्यांचा परिसर १९७८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे) आम्ही उघड्या बाजूंच्या ट्रॉलीत बसलो होतो. पिवळसर रंग, आडवी लाकडी बाकं. कालव्याच्या कडेकडेने जाते. चालवणारे गृहस्थ सांगत होते की हे रूळ मूळचे बॉस्टन अँड मेनच्या मालगाड्यांचे. तेव्हा मी पाण्याकडे बघत होतो, कान दिला नाही. ज्या रुळाचा शोध दोन महिने घेतोय त्याच्यावर मी बसून गेलो होतो.

---

नकाशेवाली (ऐरोली)

हे वाचून अंगावर काटा आला, काका.

---

गिरणगावकर (आता घोडबंदर रोड)

नुसता कापूस भरू नका बरं का. धुराडं आहे म्हणताय, तर कोळसा आला. लोवेल उभं राहिलं पाण्याच्या जोरावर, पॉटकेट धबधब्याची ३२ फुटांची उंची आणि गावातून फिरवलेले साडेपाच मैलांचे कालवे. पण गिरण्या वाढल्या तसं पाणी पुरेना, उन्हाळ्यात नदी आटायची, आणि वाफेची इंजिनं बसवली. बॉयलर आला की कोळशाच्या वाघिणी रोज. कापूस हंगामात भरून ठेवता येतो, कोळशाचा ढीग मात्र संपत राहतो. बॉयलरशेजारी उघड्या वाघिणी हव्यात.

---

सांधा_सिग्नल

बरोबर. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नवीन मॉडेलवाले इथेच चुकतात. साइडिंगवर इंजिन ज्या रेल्वेचं, वाघिणी त्याच रेल्वेच्या असतात असं नाही. कापूस दक्षिणेतून निघाला तर दक्षिणेतल्या रेल्वेची बंद वाघीण तीन-चार कंपन्यांच्या रुळांवरून प्रवास करून लोवेलला येणार. कोळशाची वाघीण पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्या तरी कंपनीची असणार. गेज (दोन रुळांमधलं अंतर) एक असलं की वाघीण सगळीकडे फिरते, मालक कंपनीला दिवसाचं भाडं मिळत राहतं. आपल्याकडेही ब्रॉड गेजवर बी.बी.सी.आय.ची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, पुढची पश्चिम रेल्वे) वाघीण जी.आय.पी.च्या यार्डात दिसायची.

म्हणून 'कोणती रेल्वे येत होती' याचं उत्तर वाघिणीवरच्या नावात शोधू नका. दारापर्यंत ढकलत आणणारं इंजिन कोणाचं आणि सांधा बदलणारा माणूस कोणाच्या पगारावर, ते बघा.

---

साचेवाल्याचा_मुलगा

हे वाक्य कागदावर लिहून फळीच्या वर चिकटवलं.

आता साल ठरवायचं राहिलं. एक विचारू का? माझ्या वडिलांच्या गिरणीत कापूस कोणत्या रेल्वेने येत असेल? ते सकाळी परळ स्टेशनवर उतरायचे. पण पलीकडच्या बाजूला एल्फिन्स्टन रोड होतं, आताचं प्रभादेवी. गिरणी दोन्हींपासून जवळ.

---

गिरणगावकर (आता घोडबंदर रोड)

याचं उत्तर मी देऊ शकतो, लहानपण तिथेच गेलंय.

परळ, करी रोड, चिंचपोकळी ही जी.आय.पी.ची स्टेशनं. एल्फिन्स्टन रोड, लोअर परळ, महालक्ष्मी ही बी.बी.सी.आय.ची. गिरणगाव या दोन रुळांच्या मधे आणि दोन्ही बाजूंना पसरलेलं. वऱ्हाड-खानदेशचा कापूस जी.आय.पी.ने यायचा, गुजरातचा बी.बी.सी.आय.ने. तिसरी होती मुंबई पोर्ट ट्रस्टची रेल्वे, १९१५ ची, गोदीच्या कडेने वडाळ्यापर्यंत. १९२० च्या दशकात कापसाची मोठी गोदामं शिवडीला झाली. तिथे गाठी या पोर्टाच्या रेल्वेने पोचायच्या. कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव त्या व्यापाराचंच.

पण शिवडी ते गिरणी हा शेवटचा तुकडा बहुतेक बैलांचा. मी स्वतः पाहिलंय. दोन बैलांचा खटारा, वर सुतळीने आवळलेल्या गाठी, आणि चढावर गाडीवान खाली उतरून चाकाला खांदा लावायचा. रस्त्यावर कापसाचे पुंजके पडायचे, ते वेचायला आम्ही पोरं धावायचो. लोवेलला रूळ थेट कालव्याच्या कडेला. आपल्याकडे रूळ गोदामापर्यंत आणि पुढे खटारा, नंतर मोटारी. गिरणीत माणूस मात्र रेल्वेनेच पोचायचा. तुमचे वडील जी.आय.पी.नेच आले ना?

---

साचेवाल्याचा_मुलगा

हो. जी.आय.पी.नेच. १९४८ साली जी.आय.पी.च होती.

साल ठरलं. १९४८.

---

खाडीपार (वाशी)

१९४८ बसतं. बॉस्टन अँड मेनकडे तेव्हा डिझेल आलं होतं, पण वाफेची इंजिनंही धावत होती. बूट गिरणीही चालू होती, ती बंद पडली १९५० च्या दशकाच्या मध्यावर. तुमच्या ४१० ला कोणी नाव ठेवणार नाही. लिहा बिनधास्त.

---

सुरंगी (नेरुळ)

काका, शेजारी एक जी.आय.पी.ची वाघीण ठेवा ना. आजोबांसाठी मलाही बघायला आवडेल.

---

सांधा_सिग्नल

ठेवा, पण त्याच रुळावर उभी करू नका. अमेरिकेचं गेज ४ फूट साडेआठ इंच, तुमच्या एचओ रुळात ते १६.५ मिलिमीटर होतं. आपलं ब्रॉड गेज साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर १९ च्या थोडं वर. चाकं रुळाबाहेर पडतील.

---

साचेवाल्याचा_मुलगा

आज सविस्तर लिहितो, बाकी सगळे दिवस हात कामात होते.

फळीच्या वर भिंतीला एक छोटी फळी ठोकली. तिच्यावर एक फूटभर रूळ हाताने टाकला, १९.३ मिलिमीटरचा. पट्टी कापून माप केलं, प्रत्येक स्लीपरला पट्टी लावून तपासलं. त्याच्यावर एक बंद वाघीण, दोन्ही बाजूंना जी.आय.पी. शेजारी एक मालधक्का आणि गिरणगावकरांनी सांगितलेला खटारा. बैल दिवाळीच्या किल्ल्याच्या दुकानात मिळाले, माप थोडं मोठं होतं, शिंगं घासून आणली.

खाली लोवेल. कालव्याच्या कडेने एक रूळ गोदामाकडे, एक बॉयलरकडे. इंजिन काळं, ४१०. बंद वाघीण चाळीस फुटी, म्हणजे माझ्या मापात चौदा सेंटीमीटर. नाव लिहायला सर्वांत बारीक कुंचला घेतला, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. पहिल्या वेळेला 'मेन' मधल्या शेवटच्या अक्षराचा पाय घसरला, पुसून परत लिहिलं. एका बाजूला सकाळ गेली. दुसऱ्या बाजूला दुपार. दुसरी वाघीण मुद्दाम दक्षिणेतल्या रेल्वेची केली आहे, सांधा_सिग्नलनी सांगितलं तसं. कोळशाच्या उघड्या वाघिणी तीन.

आता कापसाच्या गाठी चालल्या आहेत. अमेरिकन गाठ साधारण साडेचार फूट लांब, माझ्या मापात दीड सेंटीमीटर. लाकडाच्या तुकड्यावर कापूस चिकटवायचा, वरून बँडेजच्या कापडाचा तुकडा, आणि तांब्याच्या तारेचे सहा पट्टे. कापूस घरातलाच, बायको देवासाठी वाती वळते त्यातला. काल ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, गाठी मी आवळते, तुमचे हात कापतात. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत बावीस केल्या. सतरा खाली लोवेलच्या वाघिणीत गेल्या, पाच वर खटाऱ्यावर.

---

गिरणगावकर (आता घोडबंदर रोड)

खटाऱ्याखाली थोडा कापूस सांडा. पोरांसाठी.

---

साचेवाल्याचा_मुलगा

सांडला.